भंगारातला हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर आणि घरची टेस्ला कॉइल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या बार-हॉटेलांचे जुने निऑन बोर्ड उतरून त्या जागी एलईडी येऊ लागल्यापासून त्या बोर्डांमागचे जड, काळे ट्रान्सफॉर्मर भंगारअड्ड्यांवर दिसतात. म्हापसा, फोंडा, मडगाव भागातली मुलं ते टेस्ला कॉइलसाठी, म्हणजे उच्च वारंवारतेच्या लांब ठिणग्या सोडणाऱ्या यंत्रासाठी, किलोच्या भावाने उचलतात आणि मग विचारतात, आता हे जोडायचं कसं? ज्यांना घरातलं साधं वायरिंग, मल्टिमीटर आणि सोल्डरिंग नीट येतं, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. बाकीच्यांनी आधी ते शिकावं आणि मग या पानाकडे यावं.

टेस्ला कॉइलमधली सगळ्यात धोक्याची जागा कोणती?

ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या आउटपुटपासून प्रायमरी कॉइलपर्यंतचा भाग. यंत्र थोडक्यात असं : ट्रान्सफॉर्मर कपॅसिटर भरतो, स्पार्क गॅपमध्ये, म्हणजे दोन धातूंमधल्या हवेच्या फटीत, ठिणगी उडाली की तो चार्ज खालच्या प्रायमरी कॉइलमधून वाहतो, आणि पाइपवर गुंडाळलेल्या सेकंडरी कॉइलच्या वरच्या टोकातून ठिणग्या सुटतात. वरून सुटणाऱ्या जांभळ्या ठिणग्यांकडे सगळे पाहतात, घाबरतातही त्यांनाच. पण जीव जातो तो बहुतेक वेळा खालच्या पेटीत. तिथे ५० हर्ट्झचा करंट हजारो व्होल्टच्या दाबाने उभा असतो, आणि तो आवाज करत नाही. कॉइल चालू नसतानाही, नुसता ट्रान्सफॉर्मर प्लगला लावलेला असला तरी, ती जागा तितकीच मारक असते.

प्रायमरी कॉइलबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ती फ्रिज-एसीच्या पाव इंची तांब्याच्या नळीची, चकलीसारखी सपाट गुंडाळलेली असते. उघडी, चकचकीत, आणि दिसायला नळीचा तुकडाच. ट्यूनिंग करताना, म्हणजे दोन्ही कॉइलचा ताल जुळवताना, तिच्यावरचा क्लिप एक वेढा पुढे सरकवायचा मोह होतो. पण ती नळी थेट कपॅसिटर आणि गॅपच्या सर्किटात असते. क्लिप हलवायचा तर प्लग उपटलेला हवा आणि तो तुमच्या डोळ्यांसमोर हवा.

भंगारातला कुठला ट्रान्सफॉर्मर या कामाला चालतो?

जुना, लोखंडी गाभ्याचा निऑन ट्रान्सफॉर्मर. यावर ९, १२ किंवा १५ हजार व्होल्ट आणि ३० किंवा ६० मिलिअँपिअर असं छापलेलं असतं. याच्या गाभ्यात चुंबकीय शंट (करंटला आवर घालणारे लोखंडी तुकडे) असतात, त्यामुळे आउटपुट शॉर्ट झालं तरी करंट छापील आकड्याच्या फार वर जात नाही. स्पार्क गॅप म्हणजे दर सेकंदाला अनेक वेळा होणारा शॉर्टच. तो सहन करणं हा या ट्रान्सफॉर्मरचा मूळ स्वभाव आहे.

३० मिलिअँपिअर म्हणजे किरकोळ, असं मात्र कुणी समजू नये. घरातल्या ईएलसीबीला (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचला) ३० मिलिअँपिअरवर तुटायला लावतात, कारण तेवढा करंट छातीतून गेला तर माणूस दगावू शकतो. त्याहून कमी करंटलाही हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे डिझेल बर्नरचा इग्निशन ट्रान्सफॉर्मर. बेकरीच्या भट्ट्या आणि हॉटेलांच्या लाँड्रीतले बॉयलर यांच्या भंगारात तो सापडतो. साधारण १० हजार व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर. बर्नर पेटवण्यापुरते काही सेकंद चालावा म्हणून तो बनवलेला असतो, त्यामुळे थोडा वेळ चालवायचा आणि थंड होऊ द्यायचा.

हलका, प्लास्टिकच्या पेटीतला नवा इलेक्ट्रॉनिक निऑन ट्रान्सफॉर्मर आणू नका. त्याच्या आत उच्च वारंवारतेचं सर्किट असतं. स्पार्क गॅपपुढे ते लगेच जळतं.

मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर तर फुकट मिळतो. तो का नको?

नको. आणि याची जोडणी मी इथे सांगणार नाही.

त्याचं आउटपुट साधारण दोन हजार व्होल्ट. आकडा निऑनपेक्षा लहान दिसतो, म्हणून मुलं फसतात. पण करंट अर्धा अँपिअर आणि त्याहून जास्त देण्याची त्याची ताकद असते. निऑनचा ट्रान्सफॉर्मर कधीमधी वाचण्याची संधी देतो, हा देत नाही. त्यात ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचं (आउटपुटच्या वेढ्यांचं) एक टोक गाभ्यालाच जोडलेलं असतं, म्हणजे नुसत्या लोखंडाला हात लावूनही सर्किट पुरं होऊ शकतं. लाकडावर विजेची झाडासारखी नक्षी जाळण्यासाठी हाच ट्रान्सफॉर्मर वापरून जगभरात कितीतरी माणसं गेली. त्यात अनुभवी कारागीरही होते. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सने तो प्रकार आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केला, तो उगीच नाही.

मायक्रोवेव्ह उघडलाच असेल तर आतला कपॅसिटर चार्ज धरून असू शकतो हे लक्षात ठेवा. मॅग्नेट्रॉन तर फोडूच नका. काहींच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं, आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

टीव्हीचा एलओटी (पिक्चर ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर), गाडीची इग्निशन कॉइल?

या पद्धतीच्या कॉइलला दोन्ही निरुपयोगी. नंतरच्या एलओटीत आतच डायोड असतात, त्यामुळे बाहेर डीसी येतो, आणि तो थेट २३० व्होल्टवर चालतही नाही.

खांबावरचा किंवा एक्स-रे मशिनचा?

हात लावू नका. खांबावरचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचा असतो आणि त्याच्या मागे करंटला आवर घालणारं काहीच नसतं. शिवाय तो वीज खात्याची मालमत्ता. भंगारात दिसला तर तो तिथे कसा आला, हा प्रश्न आधी पडायला हवा. जुन्या तेलात पीसीबी नावाचं विषारी रसायनही असू शकतं. एक्स-रेच्या ट्रान्सफॉर्मरचंही तसंच, तेलात बुडवलेला आणि बेसुमार ताकदीचा.

भंगारअड्ड्यावर उभं राहून काय तपासायचं?

आधी पाटी वाचा. इनपुट २३० किंवा २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असायला हवं. परदेशी बोटींवरून किंवा जुन्या सामानातून आलेला १२० व्होल्टचा असेल तर तो सॉकेटला सरळ लावायचा नाही. पाटीच नसेल तर सोडून द्या.

मग चिनी मातीचे बुशिंग, म्हणजे आउटपुटची टोकं जिथून बाहेर येतात ते भाग, जवळून पाहा. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या शॅक-बारचे बोर्ड वर्षानुवर्षं खाऱ्या वाऱ्यात उभे असतात. बुशिंगच्या कडांवर, घड्यांमध्ये, पांढुरका खरखरीत थर बसलेला दिसतो. बोट फिरवलं की किंचित चिकट लागतो. ते मीठ आहे. कोरड्या दिवशी ते गप्प असतं, हवेत दमटपणा आला की त्यावरून वीज सरपटते आणि मातीवर बारीक काळी रेघ उठते. मीठ धुऊन निघतं, कोमट पाणी आणि मग स्पिरिट लावून, दोन दिवस उन्हात वाळवून. पण काळी रेघ कोरलेली दिसली तर ते बुशिंग गेलं समजा. आत इन्सुलेशनसाठी भरलेलं डांबर फुटून बाहेर आलेलं असेल, किंवा जळका वास येत असेल, तर तो ट्रान्सफॉर्मरही तिथेच ठेवा.

सोबत मल्टिमीटर न्या. दोन्ही आउटपुटपासून बॉडीपर्यंतचा रेझिस्टन्स मोजा, अर्थात कशालाही न जोडलेल्या अवस्थेत. बहुतेक मोठ्या निऑन ट्रान्सफॉर्मरमध्ये सेकंडरीचा मधला बिंदू बॉडीला असतो, म्हणून दोन्ही बाजूंना काही हजार ओहम आणि जवळपास सारखा आकडा यायला हवा. एक बाजू ओपन आली किंवा फारच कमी आली, तर अर्धी सेकंडरी मेलेली आहे. इनपुटची कुठलीही तार आणि बॉडी यांमध्ये मात्र मीटरने ओपन दाखवायला हवं. ओळखीचा मोटार रिवाइंडिंगवाला असेल तर त्याच्याकडून इनपुट आणि बॉडीमध्ये मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारून घ्या.

हाच मल्टिमीटर चालू आउटपुटला कधीही लावू नका. तो ६०० किंवा १००० व्होल्टसाठी असतो. १५ हजार व्होल्ट त्याच्या प्लास्टिकमधून तुमच्या हातात येतील.

२३० व्होल्टच्या बाजूचं वायरिंग कसं असावं?

क्रम असा ठेवा : थ्री-पिन प्लग, डबल पोल एमसीबी, चावीचा स्विच, तातडीने बंद करायचं लाल मशरूम बटण, कॉन्टॅक्टर (विजेने चालणारा दणकट स्विच), लाइन फिल्टर आणि मग ट्रान्सफॉर्मर. १५ हजार व्होल्ट ३० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर ४५० व्हीएचा असतो, म्हणजे दोन अँपिअर. त्याला सी प्रकारचा ४ किंवा ६ अँपिअरचा एमसीबी पुरतो. ३२ अँपिअरचा टाकला तर तो शोभेचा.

डबल पोलचा आग्रह धरतो त्याला कारण आहे. आपल्या घरांत सॉकेटची फेज आणि न्यूट्रल उलटी झालेली अगदी सर्रास सापडते. एकाच तारेत स्विच असेल आणि ती नेमकी न्यूट्रल निघाली, तर बंद केलेल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत फेज पोहोचलेली राहते.

कंट्रोलची पेटी कॉइलपासून तीन मीटर तरी लांब ठेवा. पायाने दाबून धरायचा पेडल स्विच मिळाला तर फारच उत्तम. पाय उचलला की सगळं बंद. माणूस कोसळला तरी बंद. पॉवर हळूहळू वाढवायला डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) वापरा. मात्र डिमरस्टॅटमुळे पुढचं सर्किट मेन लाइनपासून वेगळं होत नाही. शून्यावर आणून ठेवला म्हणून आत हात घालायचा नाही.

पॉवर फॅक्टर सुधारायला इनपुटला एसी कंप्रेसरचा ४४० व्होल्टचा रन कपॅसिटर लावतात. वर सांगितलेल्या ट्रान्सफॉर्मरला साधारण २७ मायक्रोफॅरड येतो. तो बसवलात तर त्यावर डिस्चार्जचा रेझिस्टर बसवाच, नाहीतर उपटलेल्या प्लगच्या पिनाच शॉक देतील.

घरात ईएलसीबी आहे. मग भीती कशाची?

हा गैरसमज सगळ्यात महागात पडणारा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ईएलसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून पाहतो. दोन्हींत फरक पडला की तुटतो. आता समजा तुमचा हात हाय व्होल्टेज टर्मिनलला लागला. करंट टर्मिनलमधून शरीरात, शरीरातून जमिनीत आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या बॉडीला, म्हणजे सेकंडरीच्या मधल्या बिंदूला परत जातो. ही सगळी फेरी सेकंडरीच्या बाजूलाच पुरी होते. इनपुटला फेज आणि न्यूट्रलमधला करंट सारखाच राहतो. ईएलसीबीला काही कळत नाही आणि तो तुटत नाही.

तरीही तो लावा, कारण २३० व्होल्टच्या बाजूला दोष आला तर तो उपयोगी पडतो. पण हाय व्होल्टेजच्या बाजूने तुम्हाला वाचवणारं उपकरण घराच्या बोर्डात बसवलेलं नसतं. तिथे फक्त अंतर, आडोसा आणि शिस्त.

अर्थिंग कुठे द्यायचं?

दोन वेगळी अर्थिंग लागतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

ट्रान्सफॉर्मरची लोखंडी बॉडी आणि कंट्रोलची पेटी घराच्या अर्थ पिनला जोडा. काही जण बॉडी बाहेर ठोकलेल्या सळईला देतात. गोव्याच्या जमिनीत मी ते मान्य करणार नाही. जांभ्या दगडाच्या सड्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, एका सळईचा रेझिस्टन्स ५० ओहम सहज निघतो. बॉडीला फेज लागली तर त्या सळईतून २३० भागिले ५०, म्हणजे फक्त ४.६ अँपिअर जातील. ६ अँपिअरचा एमसीबी त्यावर तुटणार नाही आणि बॉडी जिवंत राहील. घराचं अर्थिंगही चांगलं आहे का, ते लायसन्सधारक वायरमनकडून आधी तपासून घ्या. जुन्या कौलारू घरांत अर्थची पिन सॉकेटमध्ये असते, मागे तार नसते.

टेस्ला कॉइलच्या सेकंडरीच्या खालच्या टोकाला मात्र वेगळी जमीन हवी. त्यातून लाखभर हर्ट्झचे झटके जातात. ते घराच्या अर्थात सोडले तर टीव्ही, राउटर, फ्रिजचं सर्किट यांच्यावर बेततं. त्यासाठी बाहेर दोन-तीन सळया ठोका, रुंद तांब्याच्या पट्टीने जोडा, पाणी घालून जमीन ओली ठेवा. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या जमिनीजवळ घर असेल तर काम सोपं. तिथली खारी, ओली माती फार चांगली अर्थ देते. प्रायमरीच्या वर एक उघडी तांब्याची कडी बसवून तीही याच जमिनीला जोडा, पण कडीचा वेढा पूर्ण जुळवू नका, थोडी फट ठेवा. वरची ठिणगी खाली वळली तर ती कडीवर पडते आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो.

हाय व्होल्टेजच्या बाजूला काय कशाला जोडायचं?

स्पार्क गॅप ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांना समांतर ठेवा, आणि कपॅसिटर व प्रायमरी एकापाठोपाठ त्या गॅपला. उलट केलं, म्हणजे कपॅसिटर समांतर ठेवला, तर उच्च वारंवारतेचे झटके थेट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या बारीक तारेवर आदळतात आणि भंगारातला ट्रान्सफॉर्मर पहिल्याच संध्याकाळी जातो. मध्ये रेझिस्टर, छोटे कपॅसिटर आणि एमओव्ही (जादा व्होल्टेज गिळणारा भाग) असलेला टेरी फिल्टर टाकतात, तो टाकाच. त्यातल्या सेफ्टी गॅपचा (व्होल्टेज फार चढलं तर उडणाऱ्या फटीचा) मधला गोळा बॉडीला जोडलेला असतो. कपॅसिटर न लावता, फक्त ट्रान्सफॉर्मरवर, तो जेमतेम उडणार नाही एवढ्या अंतरावर त्याला बसवतात. प्रत्येक वेळी गॅप सरकवताना प्लग बाहेर.

घरातली १.५ स्क्वेअर एमएमची वायर ११०० व्होल्टसाठी असते. इथे निऑन बोर्डाची सिलिकॉनची वायर लागते, आणि तीसुद्धा उघडी आहे असंच समजून मोकळ्या हवेत, लाकडापासून आणि एकमेकींपासून चार बोटं तरी लांब न्या. आधाराला कोरडी हायलम (कडक इन्सुलेशनची) शीट किंवा जाड ॲक्रिलिक. प्लायवुड नको, आपल्या हवेत ते पाणी पितं.

परदेशी तक्त्यातला कपॅसिटर तसाच घेतला तर?

चुकेल. अमेरिकेतले तक्ते ६० हर्ट्झचे असतात. १५ हजार व्होल्ट ३० मिलिअँपिअरसाठी ते ५.३ नॅनोफॅरड रेझोनंट, म्हणजे ट्रान्सफॉर्मरशी ताल जुळणारा, आकडा दाखवतात. आपल्या ५० हर्ट्झवर तो आकडा ६.४ होतो. रेझोनन्सच्या आसपास कपॅसिटर असला की व्होल्टेज छापील आकड्याच्या कितीतरी वर चढतं आणि ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फाटतं. म्हणून स्थिर गॅपसाठी दीडपट, म्हणजे साडेनऊ-दहा नॅनोफॅरड घ्या. ०.१५ मायक्रोफॅरड, २००० व्होल्टचे पल्स कामाचे पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर १५ एका ओळीत जोडले की बरोबर १० नॅनोफॅरड येतात.

प्रत्येकावर १० मेगओहमचा रेझिस्टर हवा, त्याचं व्होल्टेज रेटिंग पाहून. त्यामुळे बंद केल्यावर दहाएक सेकंदांत चार्ज उतरतो. पण रेझिस्टर तुटलेला असू शकतो, म्हणून लांब कोरड्या पीव्हीसीच्या दांड्याला जोडलेली, जमिनीला दिलेली तार कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना लावून मगच हात घाला. आणि काम चालू असेपर्यंत ती तिथेच लावून ठेवा.

टेस्ला कॉइलची ठिणगी त्वचेवरूनच जाते, म्हणून ती निर्धोक असते ना?

हे अर्धवट ज्ञान आहे. तांब्यात उच्च वारंवारतेचा करंट पृष्ठभागावरून जातो, हे खरं. माणसाचं शरीर तांब्याच्या तुलनेत फार वाईट वाहक आहे, त्यामुळे ३०० किलोहर्ट्झला करंट आत शिरण्याची खोली शरीराच्या जाडीहूनही जास्त भरते. म्हणजे करंट आतूनच जातो. मज्जातंतूंना एवढ्या वेगाचे बदल जाणवत नाहीत, म्हणून झटका कमी लागतो, पण मांस आतून भाजतं. ठिणगी एकाच वेळी तुम्हाला आणि प्रायमरीला जोडून गेली तर त्याच गरम वाटेने खालचा ५० हर्ट्झही येऊ शकतो. स्टेजवर हातात ठिणग्या घेणारे लोक दिसतात. त्यांची नक्कल करू नका.

पावसाळ्यात चालवावी का?

जून ते सप्टेंबर नको. दमट हवेत इन्सुलेशनवरून वीज सरपटते, पीव्हीसीच्या पाइपवरची सेकंडरी ओल धरते, पडवीची फरशी घामेजलेली असते आणि पाय ओले असतात. मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर ढग गडगडू लागले तरी थांबायचं. बाहेर ठोकलेल्या सळया आणि त्यांना जोडलेलं यंत्र, अशा वेळी त्यांच्याजवळ उभं राहायचं नसतं. पाऊस संपल्यावर सेकंडरीला वार्निशचा नवा हात द्या आणि बुशिंग पुन्हा पुसा.

नरकासुराच्या पुतळ्याच्या डोक्यात बसवायची आहे. जमेल का?

दरवर्षी दिवाळी जवळ आली की ही कल्पना कुणीतरी मांडतं. उत्साह समजतो, नरकासुराच्या स्पर्धेत रात्रभर लोक देखावे पाहत फिरतात आणि डोळ्यांतून वीज सुटली तर बक्षीस नक्की, असं वाटतं. पण नरकासुर कागद, गवत आणि बांबूचा असतो, आत फटाकेही भरलेले असतात. गर्दी हाताच्या अंतरावर असते, त्यात कुणाच्या छातीत पेसमेकर असेल हे कुणाला माहीत? वायरिंग जनरेटरवरून, घाईत, अंधारात झालेलं असतं. जमणार नाही. एलईडी आणि आवाज वापरा.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काय करावं?

१२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारी, एका ट्रान्झिस्टरची छोटी कॉइल. हातात धरलेली ट्यूबलाइट ती तारेशिवाय पेटवते, तत्त्व तेच दाखवते, आणि ती बनवताना मूल मरत नाही. भाजू शकतं तेवढं सांभाळायचं. निऑन ट्रान्सफॉर्मरची कॉइल अठरा वर्षांखालच्यांनी एकट्याने करू नये. मोठ्यांनीही फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज, आल्तिनोचं तंत्रनिकेतन किंवा जवळची आयटीआय इथल्या इलेक्ट्रिकल शिक्षकांना आराखडा दाखवून घ्यावा.

कुणाला शॉक बसला तर?

त्याला धरायला धावू नका. आधी लाल बटण, मग प्लग. लाइट गेली की नाही याची खात्री झाल्यावरच जवळ जा. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दाब देणं सुरू करा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. म्हणूनच एकट्याने कॉइल चालवायची नाही, आणि सोबतच्या माणसाला बटण कुठे आहे व छाती कशी दाबायची, हे चालू करण्याआधी येत असायला हवं. शॉक बसलेला माणूस उठून बोलू लागला तरी त्याला ईसीजीसाठी हॉस्पिटलात न्या. हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

शेजाऱ्यांना त्रास होतो का?

होतो. स्पार्क गॅप सगळ्या बाजूंना रेडिओ गोंगाट फेकतो. मोबाइल, श्रवणयंत्र, लॅपटॉप लांब ठेवा, थोडाच वेळ चालवा. गॅपच्या उजेडात अल्ट्राव्हायोलेट किरण असतात, त्याकडे टक लावून पाहू नका. कानाला मफ लावा, आणि ओझोन साचतो म्हणून बंद खोलीत चालवू नका.

चालवून झाल्यावर कशी ठेवावी?

प्लग काढून, कपॅसिटरची दोन्ही टोकं तारेने जोडून, चावी वेगळ्या जागी. ट्रान्सफॉर्मरवर मोठ्या अक्षरांत व्होल्टेज लिहा. तुम्ही घरी नसताना आई माळा झाडायला काढेल किंवा धाकटा भाऊ प्लग लावून पाहील, त्यांना ते वाचता आलं पाहिजे.